एवढं नीट बोलता, मग ऑटिझम कसा असेल?

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या ओपीडीत एक गृहस्थ आले होते. वय ४२, बँकेत नोकरी, पत्नी, एक मुलगा. त्या चार वर्षांच्या मुलाला नुकतंच ऑटिझमचं, म्हणजे आपण मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतो त्याचं, निदान झालं होतं. मुलाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर प्रश्न विचारत होते, बायको उत्तरं देत होती, आणि हे शेजारी बसून मनातल्या मनात त्याच प्रश्नांना स्वतःबद्दलची उत्तरं देत होते. घरी जाऊन त्यांनी सगळं लिहून काढलं. फुलस्केपची दोन पानं, बारीक अक्षर, प्रत्येक मुद्द्याला आकडा. डब्यातल्या भाजीचा रस पोळीला लागला तर जेवण जात नाही. काउंटरवर गर्दी झाली की आवाज ऐकू येतात पण शब्द कळत नाहीत. लग्नकार्याला जायचं असेल तर काय बोलायचं ती वाक्यं आदल्या रात्री पाठ करून ठेवतो. परत आल्यावर खोलीत अंधार करून दोन तास पडून राहावं लागतं.

मी पहिलं पान वरवर चाळलं. म्हणालो, "अहो, इतकी वर्षं नोकरी करताय, संसार करताय, माझ्याशी एवढं नीट बोलताय. ऑटिझम लहान मुलांना असतो. मुलाच्या काळजीनं तुम्हाला तसं वाटतंय." ताण कमी करणारी गोळी लिहून दिली. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, थँक्यू म्हणाले. पुन्हा आले नाहीत.

मी त्यांच्याशी वाईट वागलो असं मला तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं. मला शिकवलं होतं तेच मी बोललो. तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला डॉक्टरांनी असंच परत पाठवलं असेल, तर ही वाक्यं डॉक्टरांच्या तोंडी येतात कुठून, हे तुम्हाला माहीत असावं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला जन्मसाल आहे.

सुरुवातीलाच एक गंमत. ऑटिझम हा शब्द मुळात मोठ्या माणसांसाठी तयार झाला. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात तो वापरला, स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णांचं एक लक्षण म्हणून. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच विश्वात राहणं, असा त्याचा अर्थ. ग्रीक भाषेत 'आउटोस' म्हणजे स्वतः. आपला 'स्वमग्नता' हा शब्द त्याच अर्थाचा आहे, आणि खरं सांगायचं तर तो मला हल्ली खटकतो. स्वतःत मग्न असलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसून एकटाच डोलणारा कुणीतरी येतो. समोर बसून, वाक्यं जुळवून, घाम पुसत तुमच्याशी बोलणारा माणूस त्या शब्दात मावत नाही. अर्धा अविश्वास तिथेच सुरू होतो.

हा शब्द मुलांकडे आणला तो लिओ कॅनर यांनी. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते बालमनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८ मुलगे, ३ मुली. त्यातला पहिला होता मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा डोनाल्ड. त्याचं पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिप्लेट हे पुढे साऱ्या जगाला कळलं. १९३८ मध्ये आईवडील त्याला घेऊन कॅनर यांच्याकडे आले, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याआधी वडिलांनी डॉक्टरांना मुलाची माहिती लिहून पाठवली होती. वडील वकील. टाइप केलेलं ते पत्र ३३ पानांचं होतं.

या पत्रात बारीकसारीक तपशिलांचा अतिरेक आहे, असा शेरा कॅनर यांनी आपल्या लेखात मारला आहे. शेऱ्यात थोडी कुरकुर दिसते. पण त्यांनी ते पत्र वाचलं, आणि लेखातला डोनाल्डच्या लहानपणाचा भाग बराचसा त्या पत्रावरच उभा आहे. म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो त्याचं पहिलं प्रसिद्ध वर्णन एका बापानं लिहिलेल्या ३३ पानांतून आलं. माझ्यापुढे दोनच पानं होती.

कॅनर यांनी लगेच पुढच्या वर्षी या अवस्थेला नाव दिलं, त्यात 'शैशवातील' हे विशेषण होतं. ते विशेषण पुढची चाळीस वर्षं चिकटून राहिलं. मुलांमध्ये दिसला म्हणून मुलांचा आजार, बालरोग विभागात शिकवायचा. मुलं मोठी झाली की कुठे जातात, हे विचारणारे थोडेच. जी मोठी होऊन मनोरुग्णालयात गेली त्यांच्या कागदावर बऱ्याचदा स्किझोफ्रेनिया किंवा मतिमंदत्व असं लिहिलं जाई, आणि ऑटिझमच्या हिशेबातून ती नाहीशी होत. त्यातच मुलावर प्रेम न करणाऱ्या थंड आईमुळे हे होतं, अशी एक समजूत रुजली. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं ती घराघरात नेली. ती साफ चुकीची होती. पण आजही एखादी म्हातारी आई मुलाच्या लहानपणाबद्दल विचारल्यावर चटकन म्हणते, "नाही हो, अगदी नॉर्मल होता", तेव्हा त्या स्वरात मला कधीकधी तो जुना आरोप झटकणं ऐकू येतं.

१९७१ साली अमेरिकेत या विषयाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक निघालं. त्याच्या नावात ऑटिझमच्या जोडीला 'बालपणीचा स्किझोफ्रेनिया' हे शब्दही होते. ते १९७९ मध्ये काढले गेले, कारण तोपर्यंत हे दोन वेगळे आजार आहेत हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्पष्ट केलं होतं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. जगभरचे डॉक्टर, आम्ही भारतातलेही, ही पुस्तिका वापरतो. त्यात नाव होतं 'शैशवातील ऑटिझम', आणि अट होती की लक्षणं ३० महिन्यांच्या आत दिसलेली असावीत.

या अटीत तथ्य आहे. ऑटिझम जन्मापासूनची मेंदूची घडण आहे, चाळिशीत तो नव्यानं होत नाही. पण अट लहानपणी लक्षणं असण्याची, आणि आम्ही ती वाचली लहानपणी निदान झालेलं असण्याची अशी. ज्याचं लहानपणी कुणी पाहिलंच नाही, त्याला ते नव्हतंच असं आम्ही धरून चाललो. पुढे निदानासाठी जी साधनं तयार झाली त्यांतलं एक प्रसिद्ध साधन म्हणजे पालकांची दीर्घ मुलाखत. ९३ बाबी, आणि भर मूल चार-पाच वर्षांचं असतानाच्या वागण्यावर. आता ५५ वर्षांच्या माणसानं, ज्याची आई दहा वर्षांपूर्वी वारली, काय करायचं?

कॅनर यांच्याही आधी दुसरीकडे हे सगळं कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२६ मध्ये जर्मन भाषेतल्या नियतकालिकात सहा मुलग्यांचं वर्णन छापलं होतं. बोलता येणारी, हुशार, आवाजांनी हैराण होणारी, वर्गात एकटी पडणारी मुलं. आज वाचलं तर कालच्याच ओपीडीतली वाटतात. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींवरही वेगळा लेख लिहिला. त्या पहिल्या लेखाचं इंग्रजी भाषांतर व्हायला १९९६ उजाडलं.

व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये चार मुलग्यांचं वर्णन केलं. तीही बोलणारी, बुद्धिमान, पण जगाशी सूर न जुळणारी. ॲस्पर्गर यांच्या मते ही ठेवण आयुष्यभर राहते, मोठेपणीही दिसते. मुलींमध्ये हे पूर्ण चित्र आपल्याला आढळलं नाही, असंही त्यांनी लिहिलं. ते वाक्य पुढे फार महागात पडलं. (ॲस्पर्गर यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाझी राजवटीत ज्या संस्थेत अपंग मुलांना मारलं जात होतं, तिथे त्यांनी काही मुलांना पाठवलं होतं, हे २०१८ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून उघड झालं. त्यांचं नाव लावायला अनेक जण आज नकार देतात, ते यामुळेही.)

हा जर्मन लेख इंग्रजी जगाला जवळपास अपरिचित राहिला. तो बाहेर काढला लंडनच्या डॉ. लोर्ना विंग यांनी. या बाई स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्या मुलीला ऑटिझम होता. मला या इतिहासात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यांच्याबद्दल. कारण त्यांनी व्याख्येत बसणारी मुलं शोधत बसण्याऐवजी उलटं केलं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत पाहणी केली, आणि १९७९ मध्ये दाखवून दिलं की कॅनर यांच्या काटेकोर व्याख्येत न बसणारी, पण त्याच प्रकारच्या अडचणी असलेली मुलं कितीतरी जास्त आहेत. 'स्पेक्ट्रम' ही कल्पना यातून आली. १९८१ मध्ये त्यांनी ॲस्पर्गर यांच्या नावानं एक लेख लिहिला. त्यात ३४ व्यक्तींची माहिती होती. वयं ५ ते ३५ वर्षं.

३५ वर्षं! छापील शास्त्रीय लेखात ऑटिझमच्या वर्तुळात मोठी माणसं उभी होती. १९९४ च्या डीएसएममध्ये ॲस्पर्गर विकार आला, २०१३ मध्ये तो आणि बाकीचे उपप्रकार मिळून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असं एकच नाव झालं. या २०१३ च्या आवृत्तीत एक वाक्य आहे. त्याचा आशय असा: लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण समाजाच्या अपेक्षा माणसाच्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा पुढे शिकलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील. डॉक्टर तुम्हाला "एवढं नीट बोलता" म्हणाले, तर या वाक्याची त्यांना नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही. आदल्या रात्री पाठ केलेली वाक्यं म्हणजे शिकलेली युक्तीच.

हे झाकणं कष्टाचं असतं. बायकांमध्ये ते जास्त आढळतं. आमच्याकडे मुलीला लहानपणापासून पाहुण्यांपुढे हसायला, "काकूंना नमस्कार कर" म्हटल्यावर पुढे व्हायला शिकवतात. ती शिकते, नक्कल करते, आणि थकते. शाळेत ती शांत, हुशार. सासरी गेल्यावर आखडू. मग नैराश्य, चिंता, कधी व्यक्तिमत्त्वाचा दोष अशी निदानं एकामागून एक लागत जातात. मुलगे चार तर मुलगी एक, असं प्रमाण आम्हाला शिकवलं होतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं, आणि यातही निसटलेल्या बायका असणारच.

"हल्ली फॅशन आहे, इंटरनेटवर वाचून येतात" हेही वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याला इंग्लंडमधून उत्तर आहे. तिथे २००७ मध्ये घरोघरी जाऊन प्रौढांची मानसिक आरोग्य पाहणी झाली. २०११ मध्ये तिचे ऑटिझमविषयीचे निष्कर्ष छापून आले. हजारी सुमारे १० प्रौढ ऑटिझमचे निघाले, आणि वय वाढेल तसं प्रमाण कमी होत गेलेलं नव्हतं. म्हणजे ही माणसं आजची नव्हेत. साठीतलीही होती, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इंग्लंडनं २००९ मध्ये ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी स्वतंत्र कायदा केला, २०१२ मध्ये डॉक्टरांसाठी प्रौढांच्या निदानाची मार्गदर्शक सूत्रं काढली. एवढं करूनही तिथे अनेक ठिकाणी लोक वर्षानुवर्षं रांगेत आहेत.

उशीर का चालत नाही, तेही सांगतो. केंब्रिजच्या एका क्लिनिकमध्ये मोठेपणी निदान झालेल्या ३७४ जणांना प्रश्न विचारले गेले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आत्महत्येचे विचार कधी ना कधी येऊन गेलेले ६६ टक्के, बेत किंवा प्रयत्न केलेले ३५ टक्के. हे आकडे वाचल्यावर मला माझी ती गोळी आठवली. (तुमच्या मनात असे विचार येत असतील तर निदानाची वाट पाहू नका. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.)

आणि तो डोनाल्ड? त्याचं पुढे काय झालं, हे मला फार उशिरा कळलं. दोन पत्रकारांनी त्याला शोधून काढून २०१० मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिलं होतं. मी तो लेख माझ्या त्या पेशंटच्या भेटीनंतर काही वर्षांनी वाचला. डोनाल्ड कॉलेजात गेला, फ्रेंच शिकला, पदवीधर झाला. गाडी चालवायला शिकला. रोज गोल्फ खेळायचा, एकटा जगभर फिरला. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. आणि आयुष्यभर नोकरी कुठे केली? गावातल्या बँकेत.

मी लेख बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. पुढे कळलेली गोष्ट आणखी बोचरी. हे काही पत्रकारांचं गुपित नव्हतं. कॅनर यांनी स्वतः १९७१ मध्ये, वर सांगितलेल्या त्याच नियतकालिकात, आपल्या ११ मुलांचं मोठेपणी काय झालं ते लिहिलं होतं. डोनाल्ड बँकेत टेलर आहे, हे त्यात आहे. "बँकेत नोकरी करता, मग ऑटिझम कसा" असं मी म्हणालो, त्याच्या चाळीस वर्षं आधी ते छापून झालं होतं. त्याच लेखात दुसरं टोकही आहे. जी मुलं सरकारी मनोरुग्णालयांत टाकली गेली ती पार कोमेजली, हे कॅनर यांनी मोकळेपणानं नोंदवलं. डोनाल्डची बँक त्याच्या आजोळची होती आणि गाव त्याला सांभाळून घेणारं होतं, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे कायद्याचा प्रवास छोटा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी २००९ मध्ये तयार झालेली ४० बाबींची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. ७० किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. तिच्यातल्या बऱ्याच बाबी मुलांच्या वागण्यावर बेतलेल्या आहेत, त्यामुळे बोलता-वागता येणाऱ्या प्रौढाचे गुण कमी भरू शकतात. प्रमाणपत्र न मिळणं आणि ऑटिझम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या काही सहकाऱ्यांनाही समजावून सांगावं लागतं. कायद्याच्या आधी आपल्याकडे निदानाचं काम शब्दच करत होते: घुम्या, एकलकोंडा, तिरसट, माणूसघाणा. प्रत्येक वाड्यात, प्रत्येक ऑफिसात असा एक जण असायचाच, आणि त्याला काय होतं ते सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

आता तुम्ही तपासणीला जाणार असाल तर. इंटरनेटवर ५० प्रश्नांची एक चाचणी मिळते, २००१ मध्ये केंब्रिजमध्ये तयार झालेली. ३२ च्या वर गुण आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, पुढे तपासावं एवढंच. माणसांत जाण्याची भीती, एडीएचडी, मंत्रचळ, लहानपणीचे आघात यांतही बरीच लक्षणं सारखी दिसतात, आणि ही दुखणी ऑटिझमबरोबर असूही शकतात. २०१३ पर्यंत तर पुस्तकाप्रमाणे एडीएचडी आणि ऑटिझम ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येत नव्हती. तेव्हा डॉक्टर वेळ घेत असतील, दोनतीनदा बोलावत असतील, तर ते तुम्हाला टाळत आहेत असं लगेच समजू नका. पाच मिनिटांत "नाही" म्हणणाऱ्याला मात्र "का नाही" हे जरूर विचारा, आणि प्रौढांचं निदान करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचा किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा दुसरा सल्ला घ्या.

ऑटिझमवर औषध नाही. तरी निदानानं बरंच बदलतं. नको त्या गोळ्या बंद होतात, ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल मागता येतं, बायकोला कळतं की लग्नाहून परत आल्यावर हा माणूस रुसलेला नसतो.

आई नसेल तर मोठी बहीण, मावशी, शाळेतला मित्र चालतो. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. बाईंचा शेरा बघा. "अभ्यासात हुशार, पण वर्गात मिसळत नाही" ही ओळ मी आता इतक्यांदा पाहिली आहे. लहानपणीचे फोटो, एकाच विषयाच्या भरलेल्या वह्या, काहीही. आणि तुम्ही स्वतः काही लिहून काढलं असेल तर ते आणाच. आधी देऊन ठेवलंत तर बरं, म्हणजे निवांत वाचता येतं. दोन पानं असोत नाहीतर तेहतीस.